भाड्याने द्यायचं घर: रोखीने घ्यावं की कर्जाने?

भाड्याने देण्यासाठी घर घ्यायचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, डोक्यावर कर्ज नको, पूर्ण पैसे जमले की मगच घ्यावं. दुसरा म्हणतो, स्वतःचे पैसे कशाला अडकवता, बँकेचे लावा, हप्ता भाडेकरूच फेडेल. दोघेही ठासून बोलतात आणि एक आकडा मात्र दोघांकडूनही येत नाही: कर्जाचा विचार बाजूला ठेवला तर ते घर स्वतः वर्षाला किती कमावतं? हा आकडा हाती नसेल तर बाकीची चर्चा हवेतली. तो हाती आला की निम्मा वाद तिथेच मिटतो.

तो काढायची रीत अवघड नाही. घराची किंमत १०० धरू, चलन कोणतंही असो. नोंदणी, दलाली, भाडेकरू येण्याआधीची डागडुजी, सगळं या १०० मध्ये आलं असं समजा. (खऱ्या हिशेबातही ते यायलाच हवं. बरेच जण परतावा फक्त करारातल्या किमतीवर काढतात आणि मग टक्केवारी छान दिसते.) वर्षाचं पूर्ण भाडं ९. वर्षातून एक महिना घर रिकामं राहील असं धरलं तर पाऊण गेलं. मालमत्ता कर, विमा, दुरुस्ती आणि देखरेखीचा खर्च मिळून सव्वादोन. उरले ६. म्हणजे या घराचा निव्वळ परतावा ६ टक्के. या व्यवसायातली माणसं याला कॅप रेट म्हणतात. घर पूर्ण रोखीने घेतलं तर तुम्हाला मिळणारा परतावाही नेमका हाच.

आता त्याच घरासाठी २५ स्वतःचे घालून ७५ कर्ज काढू. मुद्दल तूर्त विसरा, फक्त व्याज पाहा. व्याजदर ४ टक्के असेल तर वर्षाचं व्याज ३. घराने कमावलेल्या ६ मधून ते गेलं, उरले ३, आणि तुमचे गुंतलेत फक्त २५. परतावा १२ टक्के, म्हणजे रोखीच्या दुप्पट. दर ६ टक्के असेल तर व्याज साडेचार, उरलं दीड, २५ वर दीड म्हणजे पुन्हा ६ टक्केच. कर्ज काढून कमाईत काही फरक पडला नाही. आणि दर ८ टक्के असेल तर व्याजच ६. हाती शून्य. घर तेच, भाडेकरू तोच, भाडंही तेच.

म्हणजे कर्जाचा दर घराच्या स्वतःच्या परताव्यापेक्षा कमी असेल तर कर्ज तुमची कमाई वाढवतं, जास्त असेल तर खातं. मोठ्या शहरांमध्ये घरांच्या किमती भाड्याच्या मानाने इतक्या चढलेल्या असतात की निव्वळ परतावा अनेकदा कर्जाच्या दराच्या खालीच राहतो. अशा ठिकाणी ‘हप्ता भाडेकरू फेडेल’ हे वाक्य गणितात बसत नाही. भाडेकरू हप्त्याचा एक भाग फेडतो, उरलेला दर महिन्याला तुमच्या पगारातून जातो.

अर्थशास्त्रात याच्या मुळाशी जाणारं एक जुनं काम आहे. फ्रँको मोदिल्यानी आणि मर्टन मिलर यांनी १९५८ साली कंपन्यांच्या संदर्भात असं मांडलं की कर, दिवाळखोरीचा खर्च वगैरे गुंतागुंत बाजूला ठेवली, तर एखाद्या मालमत्तेचं मूल्य ती कोणत्या पैशाने घेतली यावर ठरत नाही. मूल्य ठरतं ती काय कमावते यावर. कर्जामुळे फक्त त्या कमाईचे आणि जोखमीचे वाटे बदलतात. घरालाही हे लागू पडतं. सामान्य घर कर्ज काढल्याने चांगलं होत नाही, आणि महागात घेतलेलं घर रोख मोजल्याने स्वस्त होत नाही.

यावर लगेच येणारं उत्तर असं: भाडं जाऊ दे, घराची किंमत वाढते ना! बरोबर, वाढते. मग तीही हिशेबात घेऊ. कर्जाने घेणं रोखीपेक्षा फायद्याचं ठरायचं असेल तर निव्वळ परतावा आणि किमतीतली वार्षिक वाढ यांची बेरीज व्याजदरापेक्षा जास्त हवी. आपल्या घरात ६ टक्के परतावा आणि ८ टक्के व्याज, तर किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढायला हवी. हे फार नाही. पण परतावा ३ टक्के आणि व्याज ८ टक्के असेल तर किंमत दर वर्षी ५ टक्क्यांनी वाढली तरी तुम्ही रोखवाल्याच्या फक्त बरोबरीला येता. त्यापुढची वाढ हा तुमचा फायदा. तोही कागदावरचा, विकेपर्यंत हाती न लागणारा. असं घर कर्जाने घेणारा माणूस भाड्याचा धंदा करत नसतो, किमतीवर पैज लावत असतो. पैज लावायला माझी हरकत नाही, फक्त ती पैज आहे हे माहीत असावं.

या पैजेचं माप असं. किंमत २० टक्के वाढली तर रोखीने घेणाऱ्याचे १०० चे १२० झाले. कर्जाने घेणाऱ्याच्या २५ वर २० मिळाले, म्हणजे ८० टक्के. किंमत २० टक्के पडली तर रोखवाल्याचं २० टक्के नुकसान, कर्जवाल्याचे २५ पैकी फक्त ५ उरले. २५ टक्के पडली तर त्याचं घरात काहीच उरलं नाही, कर्ज मात्र जसंच्या तसं. रोखवालाही पडलेली किंमत पाहून हळहळतो, पण त्याला विकायची सक्ती कोणी करत नाही. भाडं येत राहतं आणि तो थांबू शकतो.

व्याज वेगळं, हप्ता वेगळा

आतापर्यंत मुद्दल बाजूला ठेवलं होतं. बँक ठेवत नाही.

७५ चं कर्ज ८ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर वर्षभराचे हप्ते होतात साधारण ७.५३. घर देतं ६. म्हणजे वर्षाला दीडहून अधिक खिशातून घालायचे. पहिल्या वर्षीच्या हप्त्यांत सुमारे ५.९४ व्याज आणि १.५९ मुद्दल असतं. मुद्दल हा काही खर्च नव्हे, ती सक्तीची बचत आहे. कर्ज तेवढं कमी होतं. पण महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून पैसे जातात तेव्हा बँक व्याज आणि मुद्दल असा भेद करत नाही. नफ्यात असलेलं घरही रोकडीच्या बाबतीत तोट्यात असू शकतं, आणि घरमालक अडचणीत येतो तो बहुतेक वेळा रोकडीपायीच.

म्हणून व्याजदराशेजारी आणखी एक आकडा लिहून ठेवावा: वर्षभराचे एकूण हप्ते भागिले कर्जाची रक्कम. ८ टक्के दराच्या २० वर्षांच्या कर्जात हा आकडा सुमारे १० टक्के येतो. ४ टक्क्यांच्या २० वर्षांच्या कर्जात सव्वासात, तर त्याच ४ टक्क्यांच्या ३० वर्षांच्या कर्जात पावणेसहाच्या आत. गंमत पाहा. ४ टक्क्यांचं कर्ज ६ टक्के देणाऱ्या घरासाठी स्वस्तच म्हणायचं. पण मुदत २० वर्षांची घेतली तर हप्ते ५.४५, हाती उरतं जेमतेम ०.५५. मुदत ३० वर्षांची केली तर हप्ते ४.३०, हाती उरतं १.७०. लांब मुदतीत एकूण व्याज जास्त जातं म्हणून लोक तिच्यावर नाक मुरडतात. स्वतःला राहायच्या घरासाठी ते ठीक. भाड्याच्या घरात मात्र कमी हप्ता म्हणजे रिकाम्या महिन्यांत तग धरण्याची ताकद, आणि जास्तीचं व्याज ही तिची किंमत. हाती पैसे आले तर मुदतीआधी फेडता येतं. घर रिकामं असताना हप्ता कमी करून मागायला गेलात तर बँक ऐकेलच असं नाही.

रिकाम्या महिन्यांचा हिशेब तर सहीआधी करायलाच हवा. आपल्या घराचा रिकामेपणा सोडून बाकीचा खर्च सव्वादोन, पूर्ण भाडं ९. रोखीने घेतलं असेल तर वर्षातले तीन महिने भाडं आलं तरी खर्च भागतो. ४ टक्के, ३० वर्षांच्या कर्जात पावणेनऊ महिने भाडं यावं लागतं. तेच कर्ज २० वर्षांचं असेल तर सव्वादहा महिन्यांहून थोडं जास्त. ८ टक्के, २० वर्षांच्या कर्जात बाराही महिने भाडं आलं तरी पुरत नाही. भाडेकरू जातो, नवा मिळायला वेळ लागतो, मध्ये रंगकाम निघतं, एखादा भाडं थकवतो. हप्त्याला यातलं काहीच कळत नाही.

घर किती कर्ज पेलेल?

सगळं रोख किंवा जास्तीत जास्त कर्ज, असे दोनच पर्याय असल्यासारखा वाद घातला जातो. खरा प्रश्न रकमेचा आहे, आणि त्यासाठी कर्ज देणाऱ्यांचीच एक फूटपट्टी उसनी घेता येते. भाड्याच्या मालमत्तेवर कर्ज देणाऱ्या अनेक संस्था पाहतात की निव्वळ उत्पन्न वर्षाच्या हप्त्यांच्या किती पट आहे. सव्वापट ही त्यातली नेहमीची पातळी. आपलं घर ६ देतं, तर हप्ते ४.८ च्या आत हवेत. ८ टक्के, २० वर्षांच्या अटीवर एवढ्या हप्त्यात साधारण ४८ चं कर्ज बसतं. ४ टक्के, ३० वर्षांच्या अटीवर ८४ च्या जवळपास. बँक ७५ द्यायला तयार आहे म्हणून ७५ घ्यायचे, असं नाही. तुमचा पगार पाहून बँक घराला न पेलणारं कर्जही आनंदाने देईल, कारण फेडणार तुम्ही आहात.

पेलतं म्हणजे फायद्याचं असतं, असंही समजू नका. ८ टक्क्यांनी ४८ घेतले तर हप्ते भागून हाती १.१८ उरतात, तुमच्या ५२ वर हे सव्वादोन टक्के. पहिल्या वर्षी फिटलेलं मुद्दल मोजलं तरी चार टक्क्यांच्या थोडं वर. रोखीचे ६ टक्के यापेक्षा बरे. मग तरीही कोणी असं कर्ज का घ्यावं?

कारण १०० च्या १०० भिंतीत घालणं यालाही किंमत आहे, आणि रोखीच्या बाजूने बोलणारे ती सहसा मोजत नाहीत. घराची एक खोली विकून छताची दुरुस्ती करता येत नाही. आजारपण, नोकरी जाणं, दुसरं चांगलं घर अचानक स्वस्तात समोर येणं, या सगळ्या वेळी हाताशी पैसे लागतात. ‘गरज पडली तर घर तारण ठेवून काढू’ हा बेत शांत काळात चालतो. पण गरज तुम्हाला जेव्हा पडते तेव्हा ती बऱ्याचदा इतरांनाही पडलेली असते, आणि बँका नेमक्या तेव्हाच हात आखडतात. २००८ च्या संकटात अमेरिकेत काही बँकांनी घराच्या तारणावर आधी मंजूर केलेल्या उचल मर्यादाही गोठवल्या होत्या. उत्पन्न आटलेल्या माणसाला नवं कर्ज मिळणं तर आणखीच कठीण.

हाताशी पैसे ठेवण्याचा खर्च मोजता येतो. १०० जवळ असताना ७५ कर्ज काढलं आणि स्वतःचे ७५ ठेवीत टाकले. कर्ज ८ टक्क्यांचं, ठेव ५ टक्क्यांची, तर तुम्ही मोकळेपणासाठी वर्षाला ७५ वर ३ टक्के, म्हणजे सव्वादोन, मोजताय. विम्याच्या हप्त्यासारखंच हे. एवढा मोठा विमा बहुतेकांना नको असतो. पण १५ मोकळे ठेवायला वर्षाला ०.४५ लागत असतील तर ते मला महाग वाटत नाहीत. उलट बाजूने पाहिलं तर ८ टक्क्यांचं कर्ज न घेणं ही ८ टक्के खात्रीशीर कमाईच. ते पैसे दुसरीकडे गुंतवून १२ मिळवीन म्हणणाऱ्याने त्या १२ ची खात्री किती, हे आधी स्वतःला विचारावं.

रोखीला आणखी एक ठोस फायदा आहे. विकणाऱ्याला व्यवहार लवकर उरकायचा असतो, आणि कर्ज मंजूर होईल की नाही, बँकेच्या मूल्यांकनात किंमत कमी तर निघणार नाही ना, या टांगत्या प्रश्नांतून त्याची सुटका होते. त्यासाठी तो किंमत कमी करायला तयार होऊ शकतो. ३ टक्के सूट मिळाली तर आपल्या घराचा परतावा ६ वरून ६.२ होतो, शिवाय कर्जाचे प्रक्रिया शुल्क वाचतं. सूट मिळत नसेल तर मात्र रोख देतोय याचा विकणाऱ्याला फायदा आणि तुम्हाला नुसतं समाधान.

‘१०० मध्ये एक घर घेण्यापेक्षा २५-२५ घालून चार घ्या, जोखीम विभागली जाते’ हाही सल्ला कानावर येतो. एक भाडेकरू गेला तर चौथा हिस्साच बुडतो, एवढ्यापुरतं ते खरं. पण कर्ज आता ३०० चं आहे. भाडेकरू वेगवेगळे असतील, पण चारही घरं एकाच शहरात असतील आणि चारही कर्जांचा दर एकाच वेळी चढत असेल तर विभागणी कसली?

दर चढतो यावरून महागाईचा मुद्दा. कर्जाचा दर पूर्ण मुदतीसाठी ठरलेला असेल तर महागाई कर्जदाराच्या बाजूची असते: भाडं वाढत जातं, हप्ता तिथेच राहतो, दहा वर्षांनी तोच हप्ता हलका वाटतो. बदलत्या दराच्या कर्जात हे कवच नसतं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात आपला दर जवळजवळ शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांच्या पट्ट्यात नेला. तिथे ३० वर्षं दर न बदलणारी कर्जं सर्रास मिळतात, म्हणून आधीच घर घेतलेल्यांचे हप्ते हलले नाहीत. नव्याने घेणाऱ्यांना मात्र २०२१ मध्ये ३ टक्क्यांच्या आसपास मिळणारं कर्ज ऑक्टोबर २०२३ मध्ये ८ टक्क्यांच्या जवळ गेलं. जिथे कर्जाचा दर बदलता असतो तिथे अशी वाढ जुन्या कर्जदारांच्याही अंगावर येते. तुमचं कर्ज बदलत्या दराचं असेल तर वरचा सगळा हिशेब आजच्या दराने एकदा आणि ३ टक्के जास्त दराने पुन्हा करून पाहा. दुसऱ्या हिशेबात झोप उडत असेल तर कर्ज कमी घ्या.

करांबद्दल मोठं प्रकरण होईल, पण एक चूक इतकी सर्रास दिसते की सांगायलाच हवी. अनेक देशांत भाड्याच्या उत्पन्नातून व्याज वजा होतं, म्हणून लोक म्हणतात, ८ टक्क्यांचं कर्ज मला ३० टक्के कर वाचून ५.६ लाच पडतं. आणि मग ते ५.६ घराच्या ६ शी ताडून पाहतात. पण त्या ६ वरही कर लागतो! दोन्ही बाजू करानंतरच्या घ्या, नाहीतर दोन्ही कराआधीच्या. शिवाय नियम बदलतात. ब्रिटनमध्ये व्यक्तिगत घरमालकांना भाड्यातून पूर्ण व्याज वजा करण्याची सवलत २०१७ पासून टप्प्याटप्प्याने काढली गेली आणि २०२० पासून त्याऐवजी व्याजाच्या २० टक्के इतकीच करातून सूट मिळू लागली. ४० टक्के कर भरणाऱ्यासाठी आपलं ६ टक्क्यांच्या कर्जाचं उदाहरण घ्या. उत्पन्न ६, व्याज साडेचार, नफा दीड. जुन्या पद्धतीत कर ०.६. नव्या पद्धतीत ६ वर २.४ कर, त्यातून ०.९ सूट, म्हणजे कर दीड. सगळा नफा करात गेला. रोखीने घेतलेल्याला या बदलाने काहीच झालं नाही.

कर्ज घेतलंच असेल तर दोन अटी कागदावर नीट वाचा. पहिली, हप्ता थकल्यास बँक फक्त हेच घर घेऊ शकते की तुमच्या बाकी मालमत्तेवरही येऊ शकते. दुसरी, दोन-तीन घरं एकाच कर्जाला एकत्र तारण लावली आहेत का. तसं असेल तर एका वाईट घरापायी चांगलं घरही अडकतं, आणि एखादं विकायचं तरी बँकेची परवानगी लागते.

मधल्या काळात जास्तीचे पैसे हाती आले आणि थोडं कर्ज फेडलं, तर अनेक ठिकाणी बँक दोन पर्याय देते: मुदत कमी करा किंवा हप्ता कमी करा. राहत्या घराच्या कर्जात व्याज वाचावं म्हणून मुदत कमी करण्याचा सल्ला सगळे देतात. भाड्याच्या घरात मी आधी हप्ता कमी करून घेईन, निदान वर्षातले नऊ महिने भाडं आलं तरी घर स्वतःचा खर्च आणि हप्ता स्वतः भागवेल इथपर्यंत. मुदतीचं त्यानंतर पाहता येतं.